ग्रांद रिव्हिएर: लेदरबॅक कासवांच्या गावी पहिल्यांदा जाताना

त्रिनिदाद बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात, डोंगरातलं दाट जंगल आणि कॅरिबियन समुद्र यांच्या बेचक्यात ग्रांद रिव्हिएर हे छोटंसं गाव आहे. एक नदी, जेमतेम किलोमीटरभर पुळण, एक मुख्य रस्ता आणि चार दुकानं. मार्च ते ऑगस्ट या काळात रोज रात्री लेदरबॅक कासवांच्या माद्या अंडी घालायला या पुळणीवर चढतात. हंगामाच्या भरात एका रात्रीत त्यांची संख्या शेकड्यांत जाते. एवढ्याशा जागेत एवढी लेदरबॅक जगात फार थोड्या ठिकाणी दिसतात.

रत्नागिरीतल्या वेळासला जाऊन आलेल्यांना कासवांचं गाव म्हणजे काय हे ठाऊक असतं. तरी दोन फरक आधीच समजून घ्या. वेळासला येणारं ऑलिव्ह रिडले चाळीसएक किलोचं असतं, तर लेदरबॅकची मादी २५० ते ५०० किलोंची. वेळासला अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत ठेवतात आणि आपण पिल्लं समुद्रात जाताना पाहतो. इथे अंडी जिथे घातली तिथेच राहतात आणि पाहायची असते ती अंडी घालणारी मादी, तीही रात्री, काळोखात. त्यामुळे इथे जायची तयारी म्हणजे बरीचशी काळोखात वावरायची तयारी. किनाऱ्यावर दिवे आणि गडबड असेल तर मादी पाण्यातूनच परत फिरते.

कधी जायचं

हंगाम १ मार्च ते ३१ ऑगस्ट. मोठी कासवं सर्वांत जास्त एप्रिल, मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतात. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला साधारण साठ दिवस लागतात, म्हणून पिल्लं मेपासून दिसू लागतात आणि जून-जुलैत भरपूर असतात. मादी आणि पिल्लं दोन्ही पाहायची असतील तर मेचा शेवटचा आठवडा ते जूनअखेर हा काळ आमच्या मते उत्तम. जूनपासून पावसाळा सुरू होतो. रोज एखाद-दुसरी जोराची सर येते, पण आपल्या कोकणासारखी झड सहसा लागत नाही.

शनिवार-रविवार टाळा. ३० मे हा तिथे भारतीय आगमन दिन असतो (१८४५ साली याच दिवशी ‘फातेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय मजूर त्रिनिदादला उतरले). १९ जूनला कामगार दिन असतो. अशा सुट्ट्यांना त्रिनिदादचेच लोक मोठ्या संख्येने गावात येतात आणि पुळणीवर गर्दी होते. सोमवार ते गुरुवार अशा तीन रात्री धरा. एका रात्रीसाठी एवढ्या लांब जाऊ नका. पाऊस, प्रवासाचा शीण किंवा नदीचं पाणी, काहीही आडवं येऊ शकतं, आणि पहिल्या रात्री डोळे अंधाराला सरावेपर्यंतच निम्मा वेळ जातो.

कागदपत्रं आणि लस

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी त्रिनिदाद-टोबॅगोच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडून चालू नियम तपासून घ्या. विमानतळावर परतीचं तिकीट आणि मुक्कामाचा पूर्ण पत्ता विचारतात. नुसतं गावाचं नाव पुरत नाही, म्हणून हॉटेलच्या बुकिंगचा कागद छापून हातात ठेवा.

खरी अडचण वाटेतल्या देशाची असते. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ट्रान्झिट व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते कुठल्या विमानतळावर थांबतं ते पाहा, त्या देशाचा नियम वाचा आणि मगच पैसे भरा. न्यूयॉर्क, मायामी, टोरांटो इथून पोर्ट ऑफ स्पेनला थेट विमानं आहेत, त्यामुळे अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळींना हा प्रवास बराच सोपा पडतो. त्यांनी आपला परतीचा व्हिसा चालू आहे ना, एवढं पाहून निघावं.

आता सर्वांत जास्त लोक विसरतात ती गोष्ट, पिवळ्या तापाची लस. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद हा पिवळ्या तापाचा धोका असलेला प्रदेश आहे. त्रिनिदाद सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचा दाखला नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. तेही सहा दिवसांपर्यंत. ही लस सरकारने नेमलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते, तिथे आधी वेळ घ्यावी लागते, आणि दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. म्हणून निघण्याच्या किमान महिनाभर आधी हे काम उरकून टाका. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. वय साठीच्या पुढे असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर केंद्रावर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. लसीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत ठेवा.

सामान भरताना एक गोष्ट घरीच ठेवा, ती म्हणजे लष्करी छापाचे कपडे. त्रिनिदादमध्ये सामान्य नागरिकाला कॅमोफ्लाज कपडे वापरायला कायद्याने बंदी आहे. टोपी, पिशवी, लहान मुलाची चड्डीसुद्धा चालत नाही, जप्त होते. पक्षी पाहणाऱ्यांच्या बॅगेत हा छाप हमखास असतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

विमानतळ ते गाव

विमानतळ पिआर्कोला आहे, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेला. म्हणजे गावाकडे जायला राजधानीत शिरावंच लागत नाही. पिआर्कोहून हमरस्त्याने पूर्वेकडे वॅलेन्शिया, तिथून टोको रस्त्याने मातुरा, सॅलिबिया, टोको, सान सूसी आणि मग ग्रांद रिव्हिएर. अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटरच, पण अडीच-तीन तास धरा. वॅलेन्शियानंतर रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा होतो. पावसात दरडी येतात, खड्डे पाण्याने भरून दिसेनासे होतात.

नकाशात उत्तर किनाऱ्याने ब्लांशिसूजवरून येता येईल असं वाटतं. तो मोह टाळा. ब्लांशिसूज आणि माटलो यांच्या मध्ये गाडीरस्ता नाही, फक्त जंगलातली पायवाट आहे. ग्रांद रिव्हिएरच्या पुढे रस्ता माटलोला जाऊन संपतो. गाव इतकं निवांत राहिलं त्यामागे हे एक कारण आहेच: इथून पुढे कुठे जायला वाटच नाही.

जायचे तीन मार्ग आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने हॉटेलकडूनच गाडी मागवावी. खर्च जास्त, पण चालकाला रस्ता पाठ असतो आणि विमानाला उशीर झाला तर तो थांबतो. स्वतः गाडी चालवायची असेल तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि टाकी वॅलेन्शियाच्या आधीच भरून घ्या.

तिसरा मार्ग मॅक्सीचा. मॅक्सी म्हणजे आपल्या वडापसारखी सीट भरून चालणारी मिनीबस. गाडीवरच्या पट्ट्याच्या रंगावरून तिचा मार्ग कळतो. पूर्वेकडे जाणारी लाल पट्ट्याची असते. पोर्ट ऑफ स्पेनच्या सिटी गेटवरून किंवा वाटेत अरीमाहून सांग्रे ग्रांदे गाठायचं. स्थानिक लोक त्याला ‘सँडी ग्रँडी’ म्हणतात, हे कानाला माहीत नसलं तर गाडी समोरून निघून जाते. तिथून टोकोकडची गाडी शोधायची. टोकोच्या पुढच्या गाड्या कमी, दुपारनंतर आणखी कमी आणि रविवारी भरवशाच्या नाहीत. सकाळी दहाच्या आत सांग्रे ग्रांदेला पोचणार नसाल तर हा मार्ग धरू नका.

विमान संध्याकाळी उतरत असेल तर ती रात्र पिआर्को किंवा अरीमाच्या आसपास काढा आणि सकाळी निघा. अनोळखी घाटरस्ता, दिवे नाहीत, फोनला रेंज तुटक, अशा वाटेने रात्री जाण्यात काही शहाणपण नाही. शहरी भागात गुन्हेगारीही आहे. भाड्याच्या गाडीत सामान दिसेल असं ठेवू नका.

पैसे, वीज, फोन

स्थानिक चलन त्रिनिदाद-टोबॅगो डॉलर, बोलताना ‘टीटी’. एका अमेरिकन डॉलरला पावणेसातच्या आसपास टीटी मिळतात. कुणी नुसतं ‘फिफ्टी डॉलर्स’ म्हणालं तर कुठले डॉलर ते लगेच विचारा. हॉटेल आणि टॅक्सीच्या बाबतीत इथेच गोंधळ होतो. गावात बँक नाही. तीन दिवसांची रोकड पिआर्को किंवा सांग्रे ग्रांदेलाच काढून घ्या आणि सुटे मागून घ्या. वाटाड्या, रात्री पुळणीवर जायचा परवाना, खाणं, सगळं रोखीत. उरलेले टीटी परत डॉलरमध्ये बदलून मिळणं अवघड असतं, म्हणून गरजेपुरतेच काढा.

वीज ११५ व्होल्ट आहे आणि प्लगला दोन चपट्या पट्ट्या लागतात, अमेरिकेसारख्या. फोन आणि कॅमेऱ्याचे चार्जर चालतात. २३० व्होल्टची किटली किंवा पाणी तापवायचा रॉड नेऊन उपयोग नाही. सिमकार्ड विमानतळावरच घ्या. गावात रेंज येते-जाते. आणीबाणीचे क्रमांक: पोलीस ९९९, रुग्णवाहिका ८११, अग्निशमन ९९०. टोकोला आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय सांग्रे ग्रांदेला. रोजची औषधं आणि ओआरएस सोबत हवंच.

राहणं, खाणं, बोलणं

पुळणीला लागून दोन-तीन छोटी हॉटेलं आहेत आणि गावात काही घरगुती खोल्या. एप्रिल ते जूनसाठी तीन-चार महिने आधी जागा धरा. किनाऱ्याकडची खोली मिळाली तर मध्यरात्री उठून ओट्यावरूनच कासवं दिसतात. पण मग जबाबदारीही येते: अंधार पडला की पडदे ओढायचे, बाहेरचा दिवा लावायचा नाही. खोली धरतानाच रात्रीचं जेवण, मच्छरदाणी आणि परवान्याची व्यवस्था याबद्दल विचारून ठेवा. गावात ऐनवेळी जेवण मिळेलच असं नाही, संध्याकाळी सातनंतर तर नाहीच.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी मंडळींनी थोडी तयारी करावी. कलालू नावाचा हिरवा, दाटसर पदार्थ जवळपास सगळीकडे मिळतो. तो अळूच्या पानांचा, भेंडी आणि नारळाचं दूध घालून केलेला. आपल्या फदफद्याचा चुलतभाऊच म्हणा. मात्र त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, म्हणून मागण्याआधी विचारा. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासे वाढले जाण्याची शक्यता असते. ‘नो मीट, नो फिश, नो क्रॅब’ असं मोजून सांगितलेलं बरं. ‘आयटल’ हा रास्ताफारी पंथाच्या लोकांचा शब्दही ओळखीचा आहे, त्यांचं जेवण बहुतेक शाकाहारी असतं. ‘प्रोव्हिजन’ म्हणजे उकडलेले कंद: अळकुड्या, कसावा, याम. वाटेत सांग्रे ग्रांदेला सकाळी डबल्स खाऊन घ्या. हळदीच्या दोन मऊ, पुरीसारख्या तळलेल्या बाऱ्यांमध्ये छोल्यासारखा चना. ‘स्लाइट पेपर’ म्हणालात तर तिखट बेताचं. ती मिरची लवंगीपेक्षा जहाल आहे, जेवताना तिची चटणी आधी बोटाने चाखून पाहा.

ग्रांद रिव्हिएर हे प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या आणि मिश्र लोकांचं गाव. कोकोच्या मळ्यांवर कामाला आलेल्या व्हेनेझुएलातल्या लोकांचाही इथल्या वस्तीत वाटा आहे. दुकानात शिरताना, गाडीत बसताना, वाटेत कुणी भेटल्यावर आधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणायचं आणि मग काय ते विचारायचं. थेट ‘पाणी आहे का?’ असं विचारणं उद्धट वाटतं. अंधार पडल्यावर ‘गुड नाइट’ हेच अभिवादन आहे. कुणी तुम्हाला बघून ‘गुड नाइट’ म्हणालं तर तो निरोप नव्हे. आणि ‘जस्ट नाऊ’ याचा अर्थ ‘आत्ता’ असा घेऊ नका. अर्धा तासही लागू शकतो.

पुळणीवरची रात्र

ग्रांद रिव्हिएरची पुळण १९९७पासून कायद्याने प्रतिबंधित क्षेत्र आहे. हंगामात अंधार पडल्यावर परवाना आणि वाटाड्या यांच्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. परवाना वनखात्याचा असतो आणि तो गावातल्याच केंद्रावर मिळतो. फी नाममात्र आहे, वाटाड्याचे पैसे वेगळे. गावात पोचल्यावर सामान टाकून आधी हे काम करा. दिवस मावळेपर्यंत थांबलात तर रांग लागते. वाटाडे गावातलेच आहेत. माद्यांच्या अंगावरचे टॅग तपासणं, मोजणी करणं, रात्रभर गस्त घालणं हे काम हीच मंडळी करतात. पूर्वी याच किनाऱ्यांवर मांसासाठी कासवं मारली जात. आज त्यांना इजा केल्यास एक लाख टीटीपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कपडे गडद रंगाचे घाला. पायात पट्ट्याच्या सँडल किंवा जुने बूट असावेत, चपला रेतीत रुततात. पाऊस आला तर छत्री उघडू नका, गडद रेनकोट बरा. डासांचं औषध निघण्याच्या अर्धा तास आधी लावा आणि हात धुऊन टाका. टॉर्च न्यायचाच असेल तर लाल उजेडाचा. साधा टॉर्च असेल तर काचेवर लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार थर रबरबँडने बांधा. एका थराने उजेड गुलाबी होतो, तो चालत नाही. फोन खिशात, स्क्रीन बंद. कॅमेऱ्याचा फ्लॅश तर बंदच, शिवाय फोकस करताना जो छोटा दिवा आपोआप लागतो तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. हा दिवा हमखास राहून जातो आणि पहिला फोटो काढताना उजेड थेट मादीच्या तोंडावर पडतो. पांढऱ्या उजेडाने पाण्यातून येणारी मादी परतते. पिल्लं तर समुद्र सोडून उजेडाकडेच चालू लागतात, कारण मोकळ्या क्षितिजाकडचा उजेड म्हणजे समुद्र एवढंच त्यांना कळतं.

पुळणीवर उतरल्यावर पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही. वाटाड्याच्या मागे एका ओळीत चाला. मध्येच मोठा दगड वाटावा असा काळा उंचवटा दिसतो आणि तो श्वास सोडतो. त्याच्या पुढे जाऊ नका. मादी वर येत असताना किंवा खड्डा खणत असताना ती कुठल्याही हालचालीला बुजते. तेव्हा थांबायचं, बसायचं. वाटाड्या आधी पुढे जाऊन पाहतो आणि तिने अंडी घालायला सुरुवात केली की बोलावतो. त्या वेळी ती जणू गुंगीत असते, मागून जवळ गेलं तरी विचलित होत नाही.

मागून काय दिसतं ते नीट पाहा. तिची पाठ कवचाची नसते. काळं, रबरासारखं कातडं, त्यावर पांढुरके ठिपके आणि लांबीला सात धारा. मागचे दोन्ही पाय ती ओंजळीसारखे वळवते. एक पाय खड्ड्यात उतरतो, मूठभर रेती उचलून बाजूला अलगद ठेवतो, मग दुसरा. न बघता, केवळ स्पर्शावर, ती पाऊण मीटर खोल, तळाशी रुंद असा खड्डा कोरते. खालून पाय रेतीला टेकेनासा झाला की थांबते. मग एक पाय पडद्यासारखा खड्ड्यावर धरून अंडी सोडते, दोन-तीन, दोन-तीन अशी. बिलियर्डच्या चेंडूएवढी, पांढरी, मऊ सालीची. साधारण ऐंशी-नव्वद अंडी आणि शेवटी बोराएवढ्या काही गोळ्या, ज्यांत बलक नसतो. तिच्या डोळ्यांतून घट्ट, चिकट पाणी वाहत असतं. ते रडणं नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ त्या वाटेने बाहेर पडतं. डोक्यावर टाळूपाशी एक गुलाबी डाग असतो, वाटाड्याच्या लाल उजेडात तोही दिसेल.

अंडी घालून झाली की ती मागच्या पायांनी रेती दाबून बसवते. मग पुढच्या मोठ्या परांनी चौफेर रेती उडवत जागा मोडून टाकते, घरटं नेमकं कुठे होतं ते कळू नये म्हणून. इथे बरेच जण जवळ उभे राहतात आणि तोंडभर रेती खातात. तिचा पर अंगाला लागला तर हाडही मोडू शकतं. वाटाड्या ‘बॅक’ म्हणाला की लगेच मागे सरका. सगळा प्रकार दीड-दोन तासांचा. परतताना तिच्या आणि पाण्याच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही. ही मादी नऊ-दहा दिवसांनी पुन्हा येईल, हंगामात पाच-सात वेळा. आणि मग दोन-तीन वर्षं येणार नाही.

एक कटू गोष्ट आधीच सांगायला हवी. जागा लहान आणि माद्या भरपूर, त्यामुळे नंतर आलेली मादी आधीच्या घरट्यावरच खणते आणि आधीची अंडी बाहेर फेकली जातात. सकाळी पुळणीवर फुटलेली अंडी, वास आणि त्यावर जमलेली गिधाडं दिसतात. स्थानिक भाषेत ती ‘कोर्बो’. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना हे आधी समजावून ठेवा. शिवाय नदी आपलं मुख सतत बदलते आणि पुळण कापत नेते. २०१२च्या जुलैमध्ये नदीचा प्रवाह वळवायला आणलेल्या यंत्रांखाली हजारो अंडी आणि पिल्लं चिरडली गेली होती. म्हणून दिवसा फिरतानाही ओल्या रेतीच्या कडेने चाला, वरच्या कोरड्या रेतीत खुर्च्या, छत्र्यांचे दांडे, मुलांचे खड्डे काहीही नको. खाली घरटी आहेत.

पहाट

रात्री कितीही उशीर झाला तरी साडेपाचला उठा. उशिरा आलेल्या एक-दोन माद्या उजाडेपर्यंत पुळणीवर असतात आणि फोटो काढायची खरी वेळ हीच. नैसर्गिक उजेड पुरेसा असतो, फ्लॅशचा प्रश्नच येत नाही. मागून किंवा बाजूने, चार-पाच मीटरवरून काढा.

पिल्लं याच सुमारास किंवा सूर्यास्ताला वर येतात. बोटाएवढी लांब, काळी, पाठीवर पांढऱ्या मण्यांच्या ओळी. त्यांना उचलून पाण्यात टाकायची घाई करू नका. आपल्या हातावरचं डासांचं औषध त्यांना बाधतं, आणि रेतीवरून स्वतः चालत जाणं त्यांच्या दिशाज्ञानासाठी गरजेचं मानलं जातं. भर उन्हात बाहेर पडलेली पिल्लं गिधाडांच्या तोंडी जातात, म्हणून वाटाडे ती गोळा करून रेती घातलेल्या बादलीत सावलीला ठेवतात आणि अंधार पडताना सोडतात. तुम्हाला एखादं दिसलं तर वाटाड्याला हाक मारा. आपल्या पायांचे खोल ठसे मात्र पायाने सारखे करत चला. एवढ्याशा पिल्लाला तो ठसा म्हणजे विहीरच.

दिवसाचे तास

एका सकाळी पावीसाठी डोंगरावर जा. त्रिनिदादखेरीज जगात कुठेही नसलेला, टर्कीसारखा दिसणारा हा काळा पक्षी, गळ्याशी निळा, पंखांवर पांढरा. तो अतिसंकटग्रस्त आहे आणि दिसण्याची सर्वांत जास्त शक्यता याच गावाच्या वरच्या जुन्या मळ्यांत असते. साडेपाच ते सात ही त्याची वेळ. नंतर तो दाट झाडीत शिरतो. वाटाड्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. वाटेत हाउलर माकडांची गर्जना ऐकू आली तर घाबरू नका, ती झाडावरच असतात.

दुपारी नदीत डुंबा. पाणी थंड आणि गोडं, मुखापासून थोडं वर गेलं की स्वच्छ. जोराचा पाऊस झाल्यावर मात्र उतरू नका. डोंगरातलं पाणी अचानक वाढतं आणि गढूळ होतं. समुद्राबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: पोहायला ही पुळण नाही. लाटा मोठ्या, उतार तीव्र, आणि पाणी पाय खेचून नेतं. जीवरक्षक असेल असं गृहीत धरू नका. गुडघाभर पाण्याच्या पुढे जायचं असेल तर आधी गावातल्या कोळ्याला विचारा आणि तो नको म्हणाला तर नको.

गाडी असेल तर टोकोजवळच्या गलेरा पॉइंटचा दीपस्तंभ पाहून या. १८९७ साली बांधलेला. अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्र या टोकापाशी मिळतात. आज दीपस्तंभाला केशॉर्न वॉलकॉटचं नाव आहे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भालाफेकीचं सुवर्णपदक जिंकणारा हा टोकोचाच मुलगा. नीरज चोप्राच्या स्पर्धा पाहणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल.

एकच रात्र हाताशी असेल आणि ग्रांद रिव्हिएरला पोचणं जमत नसेल तर मातुरा हा पर्याय आहे. वॅलेन्शियापासून जवळ, तिथेही लेदरबॅक येतात. १९९०मध्ये गावकऱ्यांनी उभी केलेली ‘नेचर सीकर्स’ ही संस्था वाटाडे देते. किनारा लांब असल्याने तिथे चालावं बरंच लागतं, गुडघे दुखत असतील तर आधी सांगा.

परतताना

निघायच्या दिवशी विमान सकाळचं असेल तर आदली रात्र पिआर्कोजवळ काढा. दरड कोसळली तर त्या रस्त्याला दुसरी वाट नाही. बॅगेत शिंपले, अंड्याची साल, रेतीची बाटली काही घेऊ नका. त्याऐवजी गावातल्या किंवा टोको भागातल्या कोकोच्या गोळ्या घ्या, चहासारख्या उकळून पितात. जायफळही छान मिळतं, पण सालीसकट ओलं नको, सुकवलेलंच घ्या. मुंबईला उतरलात की इमिग्रेशनच्या आधी आरोग्य तपासणीचा कक्ष लागतो. पिवळं पुस्तक तिथे दाखवायचं आहे, म्हणून ते विमानातच बाहेर काढून पासपोर्टमध्ये घालून ठेवा.